काठ, पदर आणि नीवी : न शिवलेल्या वस्त्राचे भारतीय साहित्यातील वाचन

१

भारतीय भाषांतील कथा-कादंबऱ्या इंग्रजी अनुवादातून वाचताना एक गोष्ट सहज नजरेआड होते. मराठीतील लुगडे आणि पातळ, तमिळमधील पुडवै, तेलुगूतील चीर, कन्नडमधील सीरे, भोजपुरीतील लूगा, बंगालीतील शाडी आणि कापड हे सारे शब्द तेथे बहुधा 'साडी' या एकाच शब्दात विरघळून जातात. अनुवादकाच्या दृष्टीने ही सोय असते आणि परदेशी वाचकासाठी ती काही अंशी अपरिहार्यही असते. परंतु तौलनिक अभ्यासकाने तीच सोय स्वीकारली, तर वस्त्राविषयीचा जो सूक्ष्म सामाजिक विवेक मूळ संहितेत असतो, तो त्याच्या हातून निसटतो. 'भारतीय साहित्य एक आहे' या गृहीतकाला 'भारतीय स्त्रीचे वस्त्र एक आहे' या दुसऱ्या गृहीतकाचा आधार नकळत मिळत राहतो. ही दोन्ही गृहीतके एकाच ऐतिहासिक कालखंडात आकाराला आली आहेत, हा योगायोग मानता येणार नाही.

मराठीपुरते पाहिले तरी शब्दांची ही गुंतागुंत बोलकी आहे. 'साडी' हा शब्द संस्कृत 'शाटी', 'शाटिका' यांपासून प्राकृतमार्गे आलेला आहे. मात्र रोजच्या व्यवहारात दीर्घकाळ प्रचलित होता तो 'लुगडे' हाच शब्द. बारीक सुताच्या वस्त्राला 'पातळ' म्हणत. विसाव्या शतकात पाचवारी-सहावारी गोल नेसण रूढ होत गेली, तसतसा 'साडी' हा शब्द पुढे आला आणि 'लुगडे' या शब्दाला ग्रामीणतेचा, वयाचा व जुनेपणाचा वास चिकटला. शब्दाचे हे स्थित्यंतर फॅशनच्या बदलाइतकेच स्त्रीच्या सामाजिक स्थानाविषयीही बोलते.

याहूनही महत्त्वाचे आहे ते क्रियापद. मराठीत चोळी 'घालतात', शाल 'पांघरतात' आणि लुगडे 'नेसतात'. धोतरालाही हेच क्रियापद लागू पडते. 'नेसणे' या क्रियापदाच्या मुळाशी संस्कृत 'नि' उपसर्गासह येणारा 'वस्' हा धातू आहे. शिवलेल्या वस्त्राचा आकार शिंप्याने आधीच ठरवलेला असतो. नेसायच्या वस्त्राचा आकार मात्र रोज सकाळी नव्याने घडवावा लागतो. नऊ वार कापडाचा लांबट पट्टा स्वतः काहीच सांगत नाही. निऱ्या किती घ्याव्यात, कासोटा खोचावा की नाही, ओचा कसा ठेवावा, पदर कोणत्या खांद्यावरून जावा, डोक्यावर यावा की कमरेला खोचावा, काठ कोठे दिसावा आणि कोठे दडावा, या निर्णयांतून त्याला अर्थ प्राप्त होतो. म्हणून या वस्त्राचा इतिहास कापडाच्या इतिहासाइतकाच नेसणीचाही इतिहास आहे. नेसणीचा इतिहास मात्र संग्रहालयात सापडत नाही. घडी घातलेल्या वस्त्रात तो उरत नाही. तो शिल्पात, चित्रात आणि विशेषतः वाङ्मयात शोधावा लागतो. प्रस्तुत विवेचनाचा रोख या वाङ्मयीन साक्षीकडे आहे.

२

वेशभूषेच्या भारतीय इतिहासलेखनाने मोलाचे काम केले आहे. मोतीचंद्रांचा 'प्राचीन भारतीय वेशभूषा' हा हिंदी ग्रंथ १९५० मध्ये आणि गो. स. घुर्ये यांचा भारतीय वेशभूषेवरील इंग्रजी ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच हे दोन्ही ग्रंथ यावेत, याला अर्थ आहे. नव्या राष्ट्राच्या सांस्कृतिक सातत्याचा शोध त्यामागे होता. पुढे शांताल बुलांझे यांनी १९९७ मध्ये नेसण्याच्या पद्धतींचे सचित्र वर्गीकरण केले. मुकुलिका बॅनर्जी आणि डॅनियल मिलर यांनी २००३ मध्ये साडी नेसणाऱ्या स्त्रीच्या दैनंदिन अनुभवाला केंद्रस्थानी आणले. ऋता कपूर चिश्ती यांच्या २०१० च्या ग्रंथात शंभराहून अधिक नेसणींची नोंद आली.

या अभ्यासांनी एक गोष्ट निर्विवाद केली आहे. सांची-भारहुतच्या शिल्पांतील अंतरीय आणि उत्तरीय या दोन वेगळ्या वस्त्रांपासून आजच्या साडीपर्यंत एकच सरळ रेषा काढता येत नाही. केरळातील मुंडू-नेरियतु आणि आसामातील मेखला-चादर ही दोन तुकड्यांची वेशपद्धती आजही टिकून आहे. कोडगूत निऱ्या मागच्या बाजूला येतात. गुजराती पद्धतीत पदर मागून उजव्या खांद्यावरून पुढे येतो. तमिळ ब्राह्मण स्त्रियांच्या नऊवारी 'मडिसार'मध्ये अय्यर आणि अय्यंगार यांचा पदर वेगवेगळ्या खांद्यावर असतो. म्हणजे संप्रदायभेद खांद्यावरून ओळखता येतो.

या पार्श्वभूमीवर मराठी नऊवारीविषयी वारंवार सांगितली जाणारी एक उपपत्ती तपासून पाहण्यासारखी आहे. मराठा स्त्रियांना घोड्यावर बसता यावे, लढता यावे म्हणून कासोट्याची नेसण निर्माण झाली, असे लोकप्रिय लेखनात आवर्जून म्हटले जाते. कासोट्यामुळे पाय मोकळे राहतात, हे खरेच आहे. पण हीच सोय भातलावणी करणाऱ्या, टोपली वाहणाऱ्या आणि मासळी विकणाऱ्या स्त्रीलाही हवी असते. शिवाय सकच्छ नेसण कर्नाटकात, आंध्रात आणि तमिळ ब्राह्मण घरांतही आढळते. तेथे घोडदौडीचा संबंध लावता येत नाही. या उपपत्तीतून नेसणीच्या उगमापेक्षा एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील मराठी समाजाला आपल्या भूतकाळाविषयी काय ऐकायचे होते, हेच अधिक स्पष्ट होते. कष्टाच्या वस्त्राला पराक्रमाचे वस्त्र ठरवताना कष्टकरी स्त्री त्या वर्णनातून बाजूला पडली, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

३

न शिवलेल्या वस्त्राचे भारतीय वाङ्मयातील सर्वांत प्रभावी कथन अर्थातच महाभारताच्या सभापर्वात आहे. द्रौपदी सभेत आणली जाते तेव्हा ती 'एकवस्त्रा' आहे आणि 'अधोनीवी' आहे, म्हणजे तिच्या कमरेची गाठ खाली उतरलेली आहे. हे दोन शब्द वर्णनाचे अलंकार नाहीत. ती रजस्वला आहे, घरातील एकांतात आहे, तिने सभेसाठी वेश केलेला नाही, हा संपूर्ण सामाजिक संदर्भ त्यांत सामावला आहे. एकवस्त्र असणे ही त्या वेळची खासगी अवस्था आहे. सभेत तिला खेचून आणणे हा त्या खासगीपणाचा भंग आहे. वस्त्र ओढण्यापूर्वीच तिची विटंबना घडून गेलेली आहे, हे वस्त्रविषयक शब्दांकडे दुर्लक्ष करणाऱ्या वाचकाच्या लक्षात येत नाही.

'नीवी' हा शब्द संस्कृत शृंगारकाव्यात प्रियकराच्या हाताने सुटणाऱ्या गाठीसाठी संकेतासारखा येतो. सभापर्वात तोच शब्द हिंसेच्या संदर्भात उभा राहतो. शृंगाराची संकेतभाषा आणि बलात्काराची भाषा एकाच गाठीभोवती फिरते, ही जाणीव महाभारतकाराच्या शब्दयोजनेत आहे. आज देशभर 'प्रमाण' मानल्या जाणाऱ्या, निऱ्या पुढे आणि पदर डाव्या खांद्यावर असलेल्या नेसणीलाही 'निवी' असेच नाव आहे.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केलेल्या सभापर्वाने (१९४४) आणखी एक प्रश्न पुढे आणला. द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत राहिला नाही. एक वस्त्र ओढले की तसेच दुसरे प्रकट होते, एवढेच तेथे घडते. कीर्तन, चित्रे आणि रंगभूमी यांनी मात्र आकाशातून वस्त्र पुरवणारा कृष्णच लोकमानसात रुजवला. या दोन पाठांतील अंतर वस्त्राच्या दृष्टीने मूलगामी आहे. एका पाठात वस्त्र हे भक्ताला मिळालेले दान आहे. दुसऱ्या पाठात ते स्त्रीच्या देहापासून अलग न होणारी, स्वतःच वाढत जाणारी गोष्ट आहे. न शिवलेल्या वस्त्राला आदी आणि अंत दाखवणारी शिवण नसते. त्याच्या अखंडतेची कल्पना करता येते ती म्हणूनच. शिवलेल्या अंगरख्याबाबत हा चमत्कार कवीला सुचलाच नसता.

४

आधुनिक साडीचा जन्म मुंबई आणि कलकत्ता यांच्या दरम्यानच्या प्रवासात झाला, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी सेवेत प्रवेश मिळवणारे पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि १८६४ मध्ये त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईत आल्या. अंतःपुरात एकेरी नेसलेली, आत दुसरे वस्त्र नसलेली बंगाली शाडी घराबाहेर वावरण्यासाठी अपुरी होती. मुंबईतील पारशी स्त्रियांची नेसण पाहून ज्ञानदानंदिनींनी तीत फेरफार केले. पदर डाव्या खांद्यावर घेऊन उजवा हात मोकळा ठेवला आणि जोडीला पोलके व परकर यांचा स्वीकार केला. ब्राह्मो कुटुंबांतून ही पद्धत पसरली आणि तिला 'ब्राह्मिका साडी' हे नाव मिळाले. याच सत्येंद्रनाथांनी तुकारामांचे अभंग बंगालीत नेले. नवरा अभंग नेतो आणि बायको नेसण नेते, या दोन अनुवादांपैकी तौलनिक साहित्याच्या इतिहासांत फक्त पहिल्याची नोंद होते. दुसऱ्याचा प्रभाव किती तरी अधिक व्यापक ठरला.

मराठी बाजूला याच काळातील आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, आचार-वेश बदलणार नाही, अशी ग्वाही दिली. प्रत्यक्षात अमेरिकेत पोटऱ्या उघड्या टाकणारी नऊवारी तेथील थंडीत आणि तेथील सभ्यतेच्या संकेतांत अडचणीची ठरली. त्यांनी पाय झाकणारी गुजराती धाटणीची नेसण स्वीकारली. पुण्यातील घरात पूर्ण सभ्य असणारी नेसण फिलाडेल्फियात असभ्य ठरते आणि फिलाडेल्फियात सभ्य ठरणारी नेसण घरी 'बाटल्या'ची खूण वाटू शकते. आनंदीबाईंनी प्रतिज्ञा मोडली की पाळली, याचे उत्तर 'साडी' या शब्दात सापडत नाही. साडी त्यांनी सोडली नाही, नेसण बदलली. काशीबाई कानिटकरांचे १८८९ मधील चरित्र आणि श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' (१९६८) ही कादंबरी एकत्र वाचताना वाचकाने हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. अन्यथा परंपरानिष्ठा आणि परिवर्तन यांच्या ठोकळेबाज द्वंद्वात आनंदीबाईंचा व्यवहारी विवेक हरवून जातो.

५

नेसणीचे हे नवे प्रमाणीकरण घराघरांत पोहोचले ते चित्रांमधून आणि रंगभूमीवरून. राजा रविवर्मा यांच्या १८८९ च्या सुमारास रंगवलेल्या एका प्रसिद्ध चित्रात वेगवेगळ्या प्रांतांतील आणि समाजांतील अकरा स्त्रिया आपापल्या वेशात एकत्र वाद्ये घेऊन बसलेल्या आहेत. वेशवैविध्याचे ते कौतुक आहे. पण १८९४ मध्ये मुंबईत त्यांनी छापखाना काढल्यावर ज्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांच्या भिंतींवर गेल्या, त्या जरीकाठी साडीतील होत्या. पुराणातील देवतांना एक वेश मिळाला आणि तो वेश आपोआप प्राचीन ठरला. वैविध्याचे चित्र राजवाड्यात राहिले आणि एकरूपतेचे चित्र देवघरात आले.

मराठी रंगभूमीने या प्रक्रियेला वेगळे वळण दिले. बालगंधर्वांच्या (१८८८-१९६७) शालू-पैठण्यांचे, पदर सावरण्याच्या लकबीचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत, ही बाब सर्वश्रुत आहे. परंतु तिचे वाङ्मयीन महत्त्व क्वचितच तपासले जाते. खाडिलकरांच्या 'संगीत मानापमान'मध्ये (१९११) श्रीमंत भामिनी साध्या वेशातील 'वनमाला' होऊन धैर्यधरासमोर येते. कथानकाचा संपूर्ण डोलारा वस्त्राने माणूस ओळखला जातो या समजुतीवर उभा आहे आणि नाटकाचा हेतू ती समजूत खोडून काढण्याचा आहे. प्रयोगात मात्र प्रेक्षक भामिनीच्या वस्त्रांवरच लुब्ध झाला. संहिता वस्त्राचे मोल नाकारते आणि प्रयोग ते वाढवतो, असा हा विरोधाभास आहे. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त (१९१९) तो अधिक टोकदार होतो. सिंधूचे दारिद्र्य साध्या, विटत गेलेल्या लुगड्यातून रंगमंचावर उमटते. पण ते लुगडे नेसणारा नट ऐश्वर्याच्या वेशासाठी प्रसिद्ध असल्यामुळे प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर गमावलेला शालूही सतत तरळत राहतो. एका वस्त्रामागे दुसरे वस्त्र दिसणे, ही या शोकात्मिकेच्या परिणामातील दुर्लक्षित बाजू आहे.

आणखी एक गोष्ट येथे विसरता येत नाही. मराठी मध्यमवर्गीय स्त्रीने 'स्त्रीसुलभ' नेसण एका पुरुषाकडून शिकली. स्त्रीत्व हे देहात उपजत नसून नेसणीत घडवले जाते, हे पुढील काळातील सिद्धांतनाने जे मोठ्या कष्टाने मांडले, ते संगीत रंगभूमीचा प्रेक्षक डोळ्यांनी पाहत होता.

६

वस्त्राच्या रंगाकडे वळले की तौलनिक वाचनातील धोका आणखी स्पष्ट होतो. रवींद्रनाथांच्या 'घरे-बाइरे'च्या (१९१६) आरंभी बिमलेला आपल्या आईची आठवण येते ती भांगातील शेंदूर आणि रुंद लाल काठाची शाडी यांच्यासह. बंगाली वाचकासाठी लाल काठ म्हणजे सौभाग्य. विधवेचे वस्त्र बिनकाठाचे पांढरे 'थान'. मराठी ब्राह्मण समाजात मात्र केशवपन केलेल्या विधवेला नेसावे लागे ते तांबडे 'आलवण'. ह. ना. आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' या कादंबरीतील यमूच्या वाट्याला आलेले वपन ज्या जगात घडते, त्या जगात सर्वांगी तांबडे वस्त्र म्हणजे सौभाग्य संपल्याची खूण आहे. एकच रंग, जवळजवळ एकच वर्ग, एकच कालखंड आणि अर्थ मात्र परस्परविरोधी. त्याच वेळी मराठी घरात लग्नाच्या शालूला आणि हळदीकुंकवाला लाल वर्ज्य नव्हता. म्हणजे अर्थ रंगाला चिकटलेला नव्हता. काठ आहे की नाही, पोत कोणता, सोबत चोळी आहे की नाही, या संपूर्ण रचनेतून तो निष्पन्न होत होता. प्रतीकांचे कोश बनवून 'लाल म्हणजे सौभाग्य' असे समीकरण मांडणारी समीक्षा येथे उघडी पडते.

'घरे-बाइरे'त वस्त्राचा दुसरा पदरही आहे. स्वदेशीच्या उन्मादात पंचू या दरिद्री फेरीवाल्याचे परदेशी कापड जाळले जाते. ज्यांच्या कपाटात वस्त्रे आहेत त्यांच्यासाठी होळी हे राजकीय कर्म आहे. पंचूसाठी ते उपजीविकेचे भस्म आहे. प्रेमचंदांची 'कफन' (१९३५-३६) ही कथा याच प्रश्नाला शेवटच्या टोकाला नेते. जिवंतपणी जिला धडसे वस्त्र मिळाले नाही, तिला मेल्यावर नवे कापड देण्याचा समाजाचा आग्रह किती पोकळ आहे, हे घीसू आणि माधव यांना कळते आणि ते कफनाचे पैसे दारूत उडवतात. त्यांचा बेजबाबदारपणा लेखक झाकत नाही. पण त्या बेजबाबदारपणात समाजाच्या वस्त्रनीतीचे एक अचूक निदानही आहे. वस्त्र स्त्रीसाठी दिले जात नाही, समाजाच्या स्वतःच्या लज्जेसाठी दिले जाते.

७

मराठी कवितेत वस्त्राचे सर्वांत लोकप्रिय चित्र शांता शेळके (१९२२-२००२) यांच्या 'पैठणी' या कवितेत आहे. फडताळातील जुन्या गाठोड्यात जपलेली आजीची पैठणी, तिचा स्पर्श, तिचा गंध, आणि त्या स्पर्शातून आजी व नात यांच्यात जुळणारा अबोल संवाद, हा तिचा आशय. गोदाकाठचे पैठण आणि पुढे येवले येथे विणल्या जाणाऱ्या, काठ-पदरावर बाणा गुंफून मोर-पोपट-वेली उठवणाऱ्या या वस्त्राला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. आता ते वारशाच्या अधिकृत यादीत आहे. कवितेत मात्र ते कायद्याने नव्हे, स्मृतीने वारसा बनलेले आहे. वस्त्र आजीच्या देहाचा ठसा धरून राहते आणि नात त्या ठशाला मिठी मारते. मराठी वाचकाने या कवितेवर केलेले प्रेम अकारण नाही.

पण प्रत्येक आजीकडे जपून ठेवावी अशी पैठणी होती का, हा प्रश्न कवितेने विचारलेला नाही. तो तिच्या कक्षेत नाही, म्हणून तिला दोष देणेही योग्य नाही. तो प्रश्न मराठी साहित्यात विचारला गेला तो बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनात. फलटण परिसरातील महार स्त्रियांच्या जगण्याचे वर्णन करताना त्या एक नियम सांगतात. उच्चजातीय स्त्रीच्या लुगड्याचा काठ दिसला पाहिजे. महार स्त्रीने मात्र लुगडे असे नेसले पाहिजे की काठ निऱ्यांत दडून जाईल. कापड एकच असू शकेल, काठही एकच असू शकेल. पण तो दाखवण्याचा अधिकार जातीने ठरवलेला आहे.

मराठी वस्त्रवाङ्मयाचे वाचन या एका तपशिलाने पुन्हा पहिल्यापासून करायला लागते. वस्त्रेतिहासकार काठाची वीण मोजतो, संग्राहक काठाची जर पाहतो, कवी काठावरील मोराचे कौतुक करतो. त्या सर्वांनी गृहीत धरलेले असते की काठ ही दिसण्याची गोष्ट आहे. बेबी कांबळे यांच्या पुस्तकात काठ ही लपवण्याची गोष्ट होते आणि लपवण्याचे हे काम स्त्रीला रोज सकाळी स्वतःच्या हातांनी करावे लागते. अस्पृश्यतेचे इतर नियम बाहेरून लादलेले दिसतात. हा नियम स्त्रीच्या बोटांत, निऱ्या चापताना, मुरवलेला आहे. न शिवलेल्या वस्त्राची जी लवचीकता सौंदर्यशास्त्राला मोहवते, तीच जातीच्या शासनाला सोयीची ठरते. शिवलेल्या वस्त्राला जातीनुसार वेगळे शिवावे लागले असते. येथे एकाच वस्त्रातून दोन वेश निर्माण करता येतात.

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अस्पृश्यतेच्या खुणा दाखवणारे नेसू नका, असा जो उपदेश केला, त्याचे मर्म या संदर्भात कळते. चवदार तळ्याचे पाणी आणि लुगड्याचा काठ हे एकाच लढ्याचे भाग होते. तौलनिक दृष्टीने याच्या शेजारी त्रावणकोरमधील नाडर स्त्रियांचा वरच्या अंगावर वस्त्र घेण्याच्या हक्काचा दीर्घ संघर्ष ठेवला पाहिजे. १८५९ च्या जाहीरनाम्याने त्यांना अंग झाकण्याची मुभा दिली. मात्र उच्चजातीय स्त्रियांसारखे वस्त्र घेण्याची नाही. दोन्ही ठिकाणी प्रश्न लज्जेचा नव्हता, सादृश्याचा होता. खालच्या ठरवलेल्या स्त्रीचा वेश वरच्या ठरवलेल्या स्त्रीसारखा दिसता कामा नये, एवढीच व्यवस्थेची अट होती.

८

वस्त्राचा हा वाङ्मयीन प्रवास महाश्वेता देवींच्या 'द्रौपदी' (१९७८) या कथेपाशी एका निर्णायक बिंदूला येतो. सभापर्वातील राजकन्येचे नाव येथे संथाळ स्त्रीच्या उच्चारात दोपदी होते. सैनिकांच्या अत्याचारानंतर तिला वस्त्र देऊ केले जाते तेव्हा ती ते फाडून टाकते आणि तशीच सेनानायकासमोर येऊन उभी राहते. महाकाव्यात वस्त्र संपत नाही म्हणून सभा हरते. कथेत स्त्री वस्त्र नाकारते म्हणून सत्ता घाबरते. या कथेचा एच. कन्हाईलाल यांनी २००० मध्ये केलेला मणिपुरी प्रयोग आणि १५ जुलै २००४ रोजी इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर मणिपुरी स्त्रियांनी केलेले विवस्त्र आंदोलन यांची आठवण अभ्यासकांना एकत्रच येते. त्यांच्यात थेट कार्यकारणसंबंध जोडण्याची घाई करू नये. परंतु लज्जेचे ओझे स्त्रीवरून काढून सत्तेवर ठेवण्याची कृती दोन्हींत समान आहे.

'जिणं आमुचं' आणि 'द्रौपदी' यांना समोरासमोर ठेवल्यास मात्र घाईचे निष्कर्ष थांबवावे लागतात. दोपदीच्या नकाराचे सामर्थ्य मोठे आहे; म्हणून वस्त्राचा त्याग हीच मुक्ती, असे सूत्र काढणे सोपे वाटते. महाडच्या स्त्रियांनी याच्या उलट मार्ग धरला. त्यांनी वस्त्र टाकले नाही. काठ बाहेर काढला. ज्या समाजात नीटनेटके नेसणे हाच काहींसाठी निषिद्ध हक्क होता, तेथे नीटनेटके नेसणे हीदेखील बंडखोरी असते. एका स्त्रीचे विवस्त्र होणे आणि दुसरीचे काठ दाखवणे या दोन्ही कृती एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत: आपल्या देहावरील वस्त्राचा अर्थ कोणी ठरवायचा?

आज शहरांतील दुकानांत शिवलेली तयार नऊवारी मिळते. मडिसारही तशीच मिळतो. पायात घालून बांधली की झाले. सणासमारंभाला ती सोयीची आहे आणि त्याविषयी नाक मुरडण्याचे कारण नाही. पण तिच्यातून 'नेसणे' हे क्रियापद निघून गेले आहे. निर्णय शिंप्याने घेतलेला आहे आणि प्रत्येकीचा काठ आता एकाच जागी येतो. काहींच्या दृष्टीने हे एका कौशल्याचे विसर्जन आहे. ज्यांच्या आज्यांना काठ दडवावा लागला, त्यांच्या दृष्टीने ती कदाचित एक उशिरा आलेली समानता असेल. या दोन्ही प्रतिक्रिया ऐकू येतील असे वाचन तौलनिक समीक्षेला करता आले, तर 'साडी' या एका शब्दात विरघळलेली लुगडी, चिरे आणि पुडवै पुन्हा वेगवेगळी दिसू लागतील. आणि त्यांच्यातील साम्य कोणत्या किमतीने साधले गेले, याचाही हिशेब मांडता येईल.